ग्रीन बेल्टवर घरं येताहेत? हरकत कशी घ्यायची

ग्रीन बेल्टमधली, म्हणजे शहराभोवती बांधकामापासून राखलेल्या पट्ट्यातली, जागा हिरवी असलीच पाहिजे असं काही नाही. तिथे घोड्यांच्या पागा असतात, बंद पडलेल्या रोपवाटिकांच्या फुटक्या काचांच्या शेड असतात, कुठे भंगार गाड्यांनी भरलेलं आवारही असतं. आणि तुम्ही रोज फिरायला जाता ते देखणं कुरण ग्रीन बेल्टमध्ये नसूही शकतं. इंग्लंडमध्ये घर घेऊन दोन-चार वर्षं झालेला माणूस मागच्या शेतात घरं येणार म्हणून पहिल्यांदा हरकत घ्यायला निघतो, तेव्हा त्याचं गणित इथेच चुकतं. माझंही चुकलं होतं. चंडोल पक्षी, सकाळचं धुकं, मुलांनी वेचलेल्या ब्लॅकबेरी असं तीन पानं भरून मी लिहिलं. कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या स्थानिक संस्थेच्या, प्लॅनिंग ऑफिसरच्या अहवालात त्याची एक ओळ झाली: एका रहिवाशाने दृश्य हिरावलं जाण्याबद्दल हरकत घेतली आहे, पण हा विचारात घेण्याजोगा मुद्दा नाही.

ग्रीन बेल्ट म्हणजे शहराला घातलेली वेसण. लंडनभोवतीच्या जमिनींसाठी १९३८ साली कायदा झाला, आणि १९५५ मध्ये तेव्हाचे गृहनिर्माण मंत्री डंकन सँडिस यांनी परिपत्रक काढून बाकीच्या शहरांभोवतीही असे पट्टे आखायला कौन्सिलांना सांगितलं. आज इंग्लंडच्या साधारण साडेबारा टक्के जमिनीवर हे संरक्षण आहे. त्याचे हेतू पाच, आणि ते पाठच करून टाका. मोठ्या शहरांचा बेलगाम पसारा रोखणं. शेजारची शहरं एकमेकांना चिकटू न देणं. मोकळ्या ग्रामीण भागावरचं अतिक्रमण थांबवणं. ऐतिहासिक शहरांचा परिसर आणि रूप जपणं. आणि शहरातल्या पडीक जागांचा आधी वापर व्हावा म्हणून बाहेरची वाट अवघड करणं. निसर्गसौंदर्य, पक्षी, शेतीचा कस यांपैकी काहीही या पाचांत नाही. त्यांच्यासाठी वेगळे नियम आहेत आणि ते वेगळे मांडावे लागतात.

हे सगळं फक्त इंग्लंडपुरतं आहे. स्कॉटलंड आणि वेल्समधली धोरणं निराळी आहेत. मुख्य दस्तऐवज म्हणजे नॅशनल प्लॅनिंग पॉलिसी फ्रेमवर्क, बोलताना सगळे एनपीपीएफ म्हणतात. खालचं सगळं त्याच्या डिसेंबर २०२४ च्या आवृत्तीवर आधारलेलं आहे. सरकार हा दस्तऐवज वारंवार बदलतं आणि परिच्छेदांचे क्रमांकही सरकतात, म्हणून पत्रात क्रमांक घालण्याआधी मुखपृष्ठावरची तारीख बघा.

आधी नकाशा, मग संताप

कौन्सिलच्या वेबसाइटवर 'पॉलिसीज मॅप' असतो. त्यात तुमची जागा शोधा. ग्रीन बेल्टची हद्द कुठून जाते, हे शेजाऱ्याच्या सांगण्यावर सोडू नका. ती कधीकधी शेताच्या मधल्या झुडपी कुंपणावरूनच वळलेली असते. त्याच बैठकीत आणखी चार गोष्टी तपासा: पुराचा धोका (एन्व्हायर्नमेंट एजन्सीचा नकाशा), जवळचं प्राचीन वन किंवा संरक्षित निसर्गस्थळ (नॅचरल इंग्लंडचा 'मॅजिक' नकाशा), लिस्टेड (वारसा म्हणून संरक्षित) इमारत किंवा कॉन्झर्व्हेशन एरिया (जपणुकीचा जुना परिसर), आणि जागेतून जाणारी सार्वजनिक पायवाट. नंतर पत्र लिहिताना या चारांतली एखादी गोष्टच तुम्हाला तारून नेते.

बैल गेला अन् झोपा केला, असं होऊ नये म्हणून

घरांची लढाई दोन ठिकाणी होते. एक, कौन्सिलचा लोकल प्लॅन, म्हणजे कुठे काय बांधायचं ते आधीच ठरवणारा आराखडा. दोन, एखाद्या जागेचा प्लॅनिंग अर्ज, म्हणजे बांधकाम परवानगीचा अर्ज. बहुतेक लोक दुसऱ्या टप्प्यावर जागे होतात, खांबाला अर्जाची नोटीस लागल्यावर.

ग्रीन बेल्टची हद्द बदलायची तर ती लोकल प्लॅनमधूनच बदलता येते, आणि त्यासाठी 'एक्सेप्शनल सर्कमस्टन्सेस' म्हणजे अपवादात्मक परिस्थिती दाखवावी लागते. मात्र डिसेंबर २०२४ पासून घरांची गरज भागवता न येणं हेसुद्धा तसं कारण ठरू शकतं. एकदा प्लॅन मंजूर झाला आणि तुमचं शेत हद्दीबाहेर गेलं की ते ग्रीन बेल्ट उरत नाही. मग अर्ज येईल तेव्हा तुम्ही मजले किती, रस्ता कुठून, पाणी कुठे सोडणार एवढ्यावरच बोलू शकता. घरं येणार की नाही हा प्रश्न आधीच मिटलेला असतो.

म्हणून कौन्सिलच्या प्लॅनिंग पॉलिसी विभागाच्या मेलिंग लिस्टवर आजच नाव घाला. प्लॅनवर साधारण दोनदा मतं मागवतात. पहिल्या फेरीला रेग्युलेशन १८ म्हणतात, ती सैल असते. दुसरी रेग्युलेशन १९, ती काटेकोर असते. दुसऱ्या फेरीत प्लॅनमध्ये बदल मागणारं म्हणणं दिलं, तर पुढे सरकारी इन्स्पेक्टरसमोरच्या सुनावणीत बोलण्याचा हक्क मिळतो. तिथे प्लॅन 'साउंड' आहे का हे तपासतात, म्हणजे तो पुराव्यावर उभा आहे का, अमलात येण्यासारखा आहे का, राष्ट्रीय धोरणाशी जुळतो का. इथे भावना अजिबात चालत नाहीत. कौन्सिलने केलेला 'ग्रीन बेल्ट रिव्ह्यू' काढा, त्यात तुमच्या तुकड्याला पाच हेतूंवर काय शेरा दिलाय ते वाचा, आणि तो प्रत्यक्ष जागेशी ताडून बघा. शेरा मारणारा सल्लागार जागेवर फार वेळ थांबलेला नसतो, तुम्ही तिथे रोज असता.

अर्ज आलाच असेल तर

अर्जाचा क्रमांक घ्या, वेबसाइटवर तो उघडा, आणि कागदांच्या ढिगाने घाबरू नका. चाळीस घरांच्या अर्जालाही पन्नास-साठ फायली लागतात. सगळ्यांत आधी 'प्लॅनिंग स्टेटमेंट' वाचा. बिल्डर कुठल्या दारातून आत येऊ पाहतोय ते त्यात लिहिलेलं असतं. दारं कुठली ते पुढे सांगतो.

मत द्यायला किमान २१ दिवस असतात. दहा किंवा जास्त घरांच्या अर्जावर निर्णयाची मुदत १३ आठवडे आहे आणि ती बऱ्याचदा वाढवली जाते. निर्णय होईपर्यंत आलेली पत्रं बरीच कौन्सिलं घेतात, पण त्या भरवशावर राहू नका.

अर्ज 'आउटलाइन' आहे की 'फुल', हे मात्र नीट बघा. आउटलाइन अर्जात घरांची चित्रं धूसर असतात, म्हणून लोक म्हणतात, 'अजून काही ठरलं नाही, तपशील आला की बोलू.' तिथेच घात होतो. आउटलाइन मंजूर झाला की इथे घरं बांधायची हे तत्त्व मंजूर झालं. मागाहून येतो तो विटांचा रंग आणि झाडांची जागा.

बिल्डरची तीन दारं

ग्रीन बेल्टमधलं नवं बांधकाम मुळात 'इनअप्रोप्रिएट', म्हणजे अयोग्य मानलं जातं. बिल्डरला यातून वाट काढायची असते, आणि तुम्ही कुठल्या दारावर उभं राहायचं हे त्यावरून ठरतं.

पहिलं दार अपवादांच्या यादीचं. शेतीच्या इमारती, मैदानी खेळांच्या सोयी, जुन्या इमारतीच्या जागी फारशी मोठी नसलेली नवी, खेड्यातल्या दोन घरांमधली मोकळी जागा भरणं, आधी बांधकाम झालेल्या जागेचा पुनर्विकास वगैरे. मोठी वसाहत यातून सहसा जात नाही. पण 'आधी बांधकाम झालेली जागा' हा शब्द आला की सावध व्हा. शेतीची गोठा-शेड या व्याख्येत बसत नाही, तरी ती बसवायचा प्रयत्न होतो.

दुसरं दार 'ग्रे बेल्ट'चं. डिसेंबर २०२४ पासून सगळा खेळ इथे आहे. ग्रे म्हटल्यावर डोळ्यांसमोर सिमेंटचं आवार येतं, पण व्याख्या त्याहून खूप रुंद आहे. आधी बांधकाम झालेली जागा येते, शिवाय ग्रीन बेल्टमधली दुसरी *कुठलीही* जागा येते; दोन्हींना अट एकच, ती तीन ठरावीक हेतूंपैकी एकालाही भक्कम हातभार लावत नसावी. हे तीन हेतू म्हणजे मोठ्या शहराचा पसारा रोखणं, शहरं जुळू न देणं आणि ऐतिहासिक शहराचा परिसर जपणं. बघा काय गळलं: ग्रामीण भागावरचं अतिक्रमण. म्हणजे 'हिरव्यागार शेतावर आक्रमण होतंय' हा बहुतेकांचा लाडका मुद्दा जागा ग्रे आहे की नाही हे ठरवताना मोजलाच जात नाही. त्यावर सरकारच्या फेब्रुवारी २०२५ च्या मार्गदर्शनात आणखी एक पाचर आहे. खेडं हे 'मोठं शहर' धरायचं नाही, आणि जुळण्याचा हेतूही शहरांपुरताच आहे. दोन खेड्यांमधलं शेवटचं शेत भरून गेलं तरी या हेतूखाली ओरड करता येत नाही. मला हे पटत नाही, पण इन्स्पेक्टरला माझ्या पटण्याशी कर्तव्य नाही.

म्हणून मुद्दा असा घाला: ही जागा अमुक मोठ्या शहराच्या कडेला आहे, तिच्यापलीकडे पसारा अडवणारी नदी, रेल्वे किंवा मोठा रस्ता असं काही नाही, तिच्या तीन बाजू मोकळ्या आहेत, इथे घरं आली तर शहराला बोटासारखा फाटा फुटेल. किंवा: या दोन शहरांमध्ये एवढंच अंतर उरलंय आणि त्यातलं इतकं या जागेने व्यापलंय. अंतर नकाशावर मोजा, आकडा लिहा. प्राचीन वन, राष्ट्रीय उद्यान किंवा पुराचा पट्टा असं काही आड येत असेल आणि त्या नियमांखाली नकार द्यायला सबळ कारण असेल, तर जागा ग्रे बेल्टमधून बाहेर पडते. सुरुवातीला नकाशे काढायला सांगितले ते यासाठी.

समजा जागा ग्रे ठरली. तरी बिल्डरला आणखी चार अटी पाळाव्या लागतात आणि एक जरी चुकली तरी हे दार बंद होतं. उरलेल्या ग्रीन बेल्टच्या पाचही हेतूंना एकत्रितपणे मुळापासून धक्का लागता कामा नये. अतिक्रमणाचा मुद्दा इथे पुन्हा जिवंत होतो. घरांची गरज भागत नाही हे दिसलं पाहिजे. कौन्सिलकडे पाच वर्षांच्या घरांना पुरेल एवढी जमीन नसेल तर ही अट सहज पुरी होते, आणि बऱ्याच कौन्सिलांकडे ती नसते. जागा 'सस्टेनेबल' ठिकाणी हवी, म्हणजे गाडीवाचूनही शाळा-दुकानं गाठता येतील अशी. आणि मोठ्या गृहप्रकल्पाला 'गोल्डन रूल्स' लागू होतात.

ठिकाणाची अट मला सगळ्यांत कामाची वाटते, कारण तिथे रहिवाशाइतका जाणकार कोणी नाही. बिल्डरच्या ट्रान्सपोर्ट अहवालात बस स्टॉप चारशे मीटरवर आहे असं असेल; त्या स्टॉपवर संध्याकाळी सहानंतर बस येत नाही हे त्यात नसेल. शाळा पंधरा मिनिटांवर दाखवली असेल. मधल्या रस्त्याला फुटपाथ नाही, दिवे नाहीत. एक दिवस बाबागाडी घेऊन तो रस्ता चाला, वेळ लावा, फोटो काढा, बसचं वेळापत्रक जोडा. अशा अर्ध्या पानाची किंमत भावनेच्या दहा पानांना नाही.

गोल्डन रूल्समधला मुख्य नियम परवडणाऱ्या घरांचा. कौन्सिलच्या नेहमीच्या प्रमाणापेक्षा १५ टक्के अंक जास्त, पण कमाल ५० टक्के. म्हणजे कौन्सिल एरवी ३० टक्के मागत असेल तर इथे ४५, एरवी ४० मागत असेल तर ५०. शिवाय लागणाऱ्या सार्वजनिक सोयी आणि लोकांना जाता येईल अशी हिरवी जागा. अर्जातला टक्का काढा आणि हिशेब करा. पण हेही ध्यानात ठेवा की सगळे नियम पाळणाऱ्या अर्जाला धोरण 'सिग्निफिकंट वेट' देतं, आणि ते वजन तुमच्या विरुद्ध पारड्यात पडतं.

तिसरं दार 'व्हेरी स्पेशल सर्कमस्टन्सेस'चं, जुनं आणि अरुंद. बांधकाम अयोग्य आहे हे मान्य, तरी फायदे एवढे की सगळी हानी *स्पष्टपणे* मागे पडते, असं बिल्डरला दाखवावं लागतं. ग्रीन बेल्टच्या हानीला आधीच मोठं वजन असतं. इथे तुमचं काम म्हणजे हानीच्या बाजूला जे जे मोजता येईल ते सगळं टाकणं आणि फायद्यांच्या बाजूचा फुगा टोचणं.

पत्र

ते इंग्रजीतच लिहावं लागेल आणि नाव-पत्ता सार्वजनिक होईल, म्हणून मुलांच्या शाळेचे तपशील वगैरे त्यात नकोत. दोन पानं पुरतात. पहिल्या ओळीत अर्जाचा क्रमांक आणि 'माझी हरकत आहे' एवढं स्पष्ट. मग एका परिच्छेदात एक मुद्दा: धोरण काय म्हणतं, जागेवर काय आहे, म्हणून कुठे बिघडतं.

उदाहरणार्थ 'ओपननेस', म्हणजे मोकळेपण. ग्रीन बेल्टचा प्राण हाच आहे, पण त्याचा सुंदर दिसण्याशी संबंध नाही. त्याला दोन अंगं आहेत: जागेवर किती बांधकाम उभं राहतं, आणि ते किती दिसतं. 'आमचं सुंदर शेत उद्ध्वस्त होईल' असं लिहिण्याऐवजी असं लिहा: सध्या या शेतावर एकही इमारत नाही. अर्जात दुमजली ४० घरं, रस्ते आणि दिवे आहेत. पश्चिमेच्या सार्वजनिक पायवाटेवरून सगळं शेत ओलांडून पलीकडची टेकडी दिसते. ती दृष्टीरेषा पूर्ण बंद होईल. बिल्डरच्या लँडस्केप अहवालात या पायवाटेवरचा एकही फोटो नाही.

हात दाखवून अवलक्षण करून घ्यायचं नसेल तर काही गोष्टी लिहूच नका. घराची किंमत उतरेल, खिडकीतलं दृश्य जाईल, बिल्डर लबाड आहे, बांधकामाचा आवाज होईल, 'तसली' माणसं राहायला येतील. शेवटचं तर लिहिणाऱ्याचीच लाज काढतं, आणि परदेशातून येऊन इथे स्थिरावलेल्यांनी तरी ते लिहू नये. उलट रहदारी, पूर, ड्रेनेज, वटवाघळं किंवा ग्रेट क्रेस्टेड न्यूट (हा संरक्षित उभयचर), लिस्टेड इमारतीचा परिसर, शेजारच्या घरात डोकावणाऱ्या खिडक्या हे सगळे वैध मुद्दे आहेत. फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या प्रकल्पाने जैवविविधता १० टक्के वाढवून ती ३० वर्षं टिकवायची असते. त्याचा हिशेब अर्जात आहे का बघा.

एकच छापील मजकूर दोनशे लोकांनी सही करून पाठवला तर मुद्दा एकच राहतो. ही मतमोजणी नव्हे. वीस जणांनी वीस वेगळ्या गोष्टी लिहिल्या तर ऑफिसरला वीस उत्तरं द्यावी लागतात.

आणि एक कडवट गोष्ट. जागा खरोखरच सिमेंटचं जुनं आवार असेल, स्टेशन दहा मिनिटांवर असेल, तर लढायचं का याचा विचार करा. घरं कुठेतरी बांधावी लागणारच आहेत. अशा वेळी सेक्शन १०६ करारात (मंजुरीसोबत बिल्डरने सार्वजनिक सोयींचा भार उचलायचा करार) पायवाट, बस, दवाखान्यासाठी पैसे मागण्यात गावाचं जास्त भलं होतं.

माणसं आणि तीन मिनिटं

पॅरिश कौन्सिल (गावपातळीची कौन्सिल) असेल तर तिच्या बैठकीला जा. तिचं मत अधिकृतपणे मागवलं जातं. हायवेज विभागाचं आणि पूर-विभागाचं पत्र वेबसाइटवर येतं, त्यात 'माहिती अपुरी' असं असेल तर ते उचलून धरा. सगळ्यांत महत्त्वाचा वॉर्ड काउन्सिलर. बरेच अर्ज ऑफिसर परस्पर निकाली काढतात. काउन्सिलरने ठरलेल्या मुदतीत योग्य कारण देऊन मागणी केली तर अर्ज काउन्सिलरांच्या प्लॅनिंग कमिटीपुढे येतो. पण तोच काउन्सिलर कमिटीवर असेल तर 'तुम्ही विरोधच करा' असं वचन मागू नका. आधीच मत बनवल्याचा ठपका आला तर त्याला मतदानाला बसता येणार नाही.

बैठकीच्या आधी पूर्ण पाच दिवस अजेंडा आणि ऑफिसरचा अहवाल जाहीर होतो. तो ओळ न ओळ वाचा. बोलायला साधारण तीनच मिनिटं मिळतात, बऱ्याच ठिकाणी सगळ्या विरोधकांत मिळून. त्यात पत्र वाचून दाखवू नका. अहवालातली एकच चूक किंवा सुटलेला एकच मुद्दा पकडा. काउन्सिलरांना नकार द्यायचाच असेल, तर त्यांना टिकणारं कारण लागतं. ते तयार वाक्यात त्यांच्या हाती द्या.

लोक विचारतात, 'शेताला व्हिलेज ग्रीन (गावाची राखीव मोकळी जागा) म्हणून नोंदवून टाकलं तर?' सलग २० वर्षं परवानगीविना, लपूनछपून नव्हे आणि जबरदस्तीनेही नव्हे, असा लोकांचा वावर दाखवता आला तर नोंद होऊ शकते. पण २०१३ च्या कायद्यापासून प्लॅनिंग अर्ज जाहीर झाला की ही वाट बंद होते. हे काम अर्ज यायच्या आधीचं.

निकालानंतर

मंजुरी मिळाली तर विरोधकाला अपिलाचा हक्क नाही; तो फक्त अर्जदाराला आहे. मंजुरीच्या कागदावर सही व्हायच्या आत मात्र एक गोष्ट करता येते. अयोग्य ठरलेलं एक हजार चौरस मीटर किंवा जास्त बांधकाम कौन्सिल मंजूर करायला निघाली तर तिला आधी मंत्र्यांना कळवावं लागतं, आणि अर्ज स्वतःकडे घ्या असं तुम्हीही मंत्र्यांना लिहू शकता. ते क्वचितच घेतात. त्यानंतर उरतं हायकोर्टातलं ज्युडिशियल रिव्ह्यू. मुदत सहा आठवडे. तिथे निर्णय चुकीचा आहे हे सांगून चालत नाही, कायद्याची चूक दाखवावी लागते. पर्यावरणाच्या दाव्यात समोरच्या पक्षाच्या खर्चापोटी व्यक्तीवर साधारण ५,००० पौंड आणि संस्थेवर १०,००० पौंड अशी मर्यादा असते, पण स्वतःच्या वकिलाची फी वेगळी. पहिल्याच आठवड्यात वकिलाला गाठा.

नकार मिळाला तरी पेढे वाटू नका. बिल्डरकडे अपिलाला सहसा सहा महिने असतात आणि ते सरकारच्या प्लॅनिंग इन्स्पेक्टोरेटकडे जातं. तुमचं जुनं पत्र कौन्सिल तिकडे पाठवते. काही प्रकारच्या अपिलांत नव्याने लिहायची संधीच नसते, म्हणून पहिलं पत्र हेच शेवटचं समजून लिहायचं. पब्लिक इन्क्वायरी, म्हणजे अपिलाची जाहीर सुनावणी, लागली तर गावाचा गट 'रूल ६ पार्टी' होण्यासाठी अर्ज करू शकतो. मग स्वतःचे साक्षीदार आणता येतात आणि बिल्डरच्या तज्ज्ञांची उलटतपासणी करता येते. काम प्रचंड असतं, आणि बेजबाबदार वागलं तर खर्चही अंगावर येतो.

बिल्डर अपील न करता पाच घरं कमी करून नवा अर्जही टाकतो. त्याचा क्रमांक नवा असतो आणि जुनी हरकत त्याला आपोआप लागू होत नाही. फाइल काढायची, काय बदललंय ते बघायचं, आणि २१ दिवसांच्या आत पुन्हा लिहायचं.